वाचायला शिका, नाहीतर पद सोडा!

अंगठा तोडला तर भरपाई 30 शिलिंग. त्याच्या शेजारचं, बाण सोडायचं बोट तोडलं तर 15. मधलं 12. करंगळी 9. आणि अनामिका? 17! मधल्या बोटापेक्षा अनामिका महाग! अंगठीचं बोट म्हणून की काय, देव जाणे. नखांचेसुद्धा वेगळे दर: अंगठ्याचं नख 5 शिलिंग, करंगळीचं 1. हे मी रात्री उशिरा वाचलं आणि राहवेना म्हणून नवऱ्याला हलवून उठवलं, अनामिकेचा भाव सांगितला. "बरं," म्हणाला आणि कूस बदलून झोपला. मला मात्र नंतर झोप कसली!

हे दरपत्रक नवव्या शतकातलं आहे आणि ते लिहवून घेणारा माणूस म्हणजे वेसेक्सचा राजा आल्फ्रेड. वेसेक्स म्हणजे आजच्या इंग्लंडचा दक्षिण भाग. तेव्हा इंग्लंड नावाचा एक देश नव्हताच. अँग्लो-सॅक्सन लोकांची चार मोठी राज्यं होती: नॉर्थंब्रिया, मर्सिया, ईस्ट अँग्लिया आणि वेसेक्स. मला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. माझा इंग्लंडचा इतिहास शाळेत ईस्ट इंडिया कंपनीपासून सुरू झाला आणि तिथेच संपला. मग 'द लास्ट किंगडम' ही मालिका लागली. मी ती इस्त्री करता करता बघायचे. नायक उट्रेड, दांडगा, देखणा, सारखी तलवार उपसणारा. पण माझं लक्ष आपलं त्या किडकिडीत, पांढऱ्याफटक, पोट धरून बसणाऱ्या राजाकडे. हा असा राजा खरंच होऊन गेला का, एवढंच बघावं म्हणून शोधायला बसले, आणि आता घरचे माझ्यासमोर 'आल्फ्रेड' हा शब्द जपून उच्चारतात.

तर ऐका. पोटाचं दुखणं खरं आहे! 868 साली मर्सियाच्या एल्हस्विथशी त्याचं लग्न झालं आणि लग्नाच्या मेजवानीतच सगळ्यांदेखत वेदनेनं तो कोसळला. कोणाला नीट निदान करता येईना. काही म्हणाले दृष्ट लागली, काही म्हणाले सैतानाची करणी. आजच्या काही डॉक्टरांनी वर्णनावरून क्रोन्सचा आजार असावा असा अंदाज बांधलाय. दुखणं वर्षानुवर्षं छळत राहिलं. हे सगळं लिहून ठेवलंय ॲसर नावाच्या वेल्श भिक्षूनं, जो राजाच्या पदरी होता आणि ज्यानं 893 साली, राजा जिवंत असतानाच, त्याचं चरित्र लिहिलं. त्या चरित्राचं एकुलतं एक जुनं हस्तलिखित 1731 साली लंडनमधल्या आगीत जळून खाक झालं. आधी कुणीतरी नकला करून ठेवल्या होत्या आणि ते छापलंही गेलं होतं, म्हणून वाचलं. नाहीतर बसा हात चोळत!

आल्फ्रेड 849 साली वाँटेजला जन्मला. राजा एथेलवुल्फचा पाचवा मुलगा. पाचवा! राज्य मिळण्याची शक्यता किती, तुम्हीच सांगा. चार वर्षांचा असताना त्याला रोमला पोपकडे पाठवलं, पुढे वडिलांबरोबर पुन्हा एकदा. घरी आई ओस्बरनं एकदा मुलांना सॅक्सन कवितांचं एक सुंदर पुस्तक दाखवलं आणि म्हणाली, जो आधी शिकेल त्याला हे देईन. आल्फ्रेडला पहिल्या पानावरचं नक्षीदार अक्षर फार आवडलं. वाचता तर येत नव्हतं. पठ्ठ्या पुस्तक घेऊन गुरुजींकडे गेला, ऐकून ऐकून सगळं पाठ केलं आणि आईपुढे धडाधड म्हणून दाखवलं. ॲसर सांगतो की बारा वर्षांचा होईपर्यंत, कदाचित त्यापुढेही, त्याला अक्षरओळख नव्हती. आणि लॅटिन? ते चाळिशीला टेकल्यावर, 887 साली. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

मधल्या काळात बाहेर आग लागली होती. 865 साली डेन लोकांची, म्हणजे व्हायकिंगांची, मोठी फौज उतरली. याआधी ते यायचे, लुटायचे आणि जायचे. आता राहायलाच आले. नॉर्थंब्रिया गेलं. ईस्ट अँग्लियाच्या राजा एडमंडला त्यांनी मारलं. मर्सियाचा राजा बर्गरेड, म्हणजे आल्फ्रेडचा मेव्हणा, राज्य सोडून रोमला निघून गेला. तोवर आल्फ्रेडचे थोरले भाऊ एकामागून एक गादीवर बसून एकामागून एक गेले होते. 871 साली, एका वर्षात डेनांशी नऊ लढाया चालू असताना, हा जेमतेम बावीस वर्षांचा आजारी मुलगा राजा झाला. पहिलं मोठं काम काय केलं? पैसे देऊन शत्रूला घालवलं. वीररसाच्या दृष्टीनं वाईटच, पण त्यानं वेळ मिळाला.

आणि मग जानेवारी 878. नाताळचे सणाचे दिवस संपतात न संपतात तोच डेन सरदार गुथ्रमनं चिपनहॅमवर अचानक झडप घातली. राजाला मूठभर माणसांनिशी सॉमरसेटच्या दलदलीत पळून जावं लागलं. गुडघाभर चिखल, वेताची बनं, पाण्यातून वर आलेल्या जमिनीच्या तुकड्यावर एथेलनी नावाची जागा. तिथे त्यानं छोटा कोट बांधला. सगळ्या अँग्लो-सॅक्सन राज्यांपैकी स्वतंत्र उरलेला राजा तो हा, या चिखलात! रोट करपल्याची प्रसिद्ध गोष्ट याच दिवसांतली सांगतात: राजा ओळख लपवून एका गुराख्याच्या घरी बसलाय, बाई म्हणते चुलीवरच्या रोटांवर जरा लक्ष ठेव, हा विचारात गढलेला, रोट जळून कोळसा, आणि बाई त्याला फाडफाड बोलते. इंग्लंडातल्या पोरासोरांना आल्फ्रेड म्हटलं की एवढंच आठवतं. पण ॲसरच्या मूळ चरित्रात ही गोष्ट नाहीच. सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेल्या एका संतचरित्रात ती पहिल्यांदा येते. मला त्याचं दुःख नाही. त्याच्या आयुष्यातल्या खऱ्या गोष्टी इतक्या भारी आहेत की रोट जळले काय नि भाजले काय.

मे महिन्यात तो दलदलीतून बाहेर पडला. सॉमरसेट, विल्टशर आणि हॅम्पशरची माणसं ठरलेल्या ठिकाणी जमली. एडिंग्टनला लढाई झाली, डेन हरले, पळून कोटात शिरले, यानं चौदा दिवस वेढा घातला, शेवटी उपाशी गुथ्रम शरण आला. आता डोकं उडवायचं ना? नाही! आल्फ्रेडनं त्याला बाप्तिस्मा दिला, स्वतः त्याचा धर्मपिता झाला, एथेलस्टन असं नवं नाव ठेवलं, बारा दिवस पाहुणा म्हणून ठेवून घेतलं आणि भेटी देऊन रवाना केलं. मालिकेत हे बघताना मला वाटलं होतं, ही लेखकाची करामत. छे! घडलेलं आहे. आणि गुथ्रमनं पुढे ईस्ट अँग्लियात नाणी पाडली ती एथेलस्टन याच नावानं.

यापुढे लढाया कमी आणि हिशेब जास्त, आणि मला तर हा हिशेबाचा भागच जास्त आवडला. राजानं ठरवलं, पुन्हा असं बेसावध पकडलं जायचं नाही. फौजेचे दोन भाग केले: निम्मे लोक मोहिमेवर, निम्मे घरी शेतीवर, मग अदलाबदल. आणि राज्यभर तटबंदीची गावं उभारली, कुठे रोमनांच्या जुन्या भिंती दुरुस्त करून, कुठे मातीचे नवे बांध घालून. त्याच्या मुलाच्या काळातली एक यादी शिल्लक आहे, तीस-बत्तीस ठाण्यांची. तिच्यात सूत्र दिलंय. एका कुटुंबाच्या पोटापुरती जमीन हे एकक, अशा प्रत्येक एककामागे एक माणूस, आणि तटाच्या दर पाच मीटरला चार माणसं. विंचेस्टरच्या नावापुढे आकडा आहे 2,400. मी कागद घेऊन बसले. 2,400 भागिले 4, म्हणजे 600. गुणिले पाच, म्हणजे तीन किलोमीटर. आणि विंचेस्टरच्या रोमन तटाची लांबी भरते जवळपास तेवढीच, तीन किलोमीटरच्या किंचित वर! शाळेत गणितात जेमतेम पास होणाऱ्या मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगता येत नाही. कुणीतरी खरोखर तटावरून चालत जाऊन मोजणी केली होती हो! वेअरहॅमचे मातीचे बांध तर अजून उभे आहेत, लोक त्यांवर संध्याकाळचे फिरायला जातात.

सगळंच जमलं असं नाही. 896 साली त्यानं स्वतःच्या कल्पनेनं मोठी जहाजं बांधवली, साठ किंवा जास्त वल्ह्यांची, डेनांच्या जहाजांच्या जवळपास दुप्पट लांब. ऐटीत निघाली आणि पहिल्याच चकमकीत ओहोटीच्या वाळूत रुतून बसली. भरती आली ती आधी डेनांच्या जहाजांपाशी, आणि ते वल्ही मारत निसटले. हे सगळं त्याच्याच काळात लिहिलेल्या बखरीत नोंदवलेलं आहे. फजिती खोडून काढली नाही, हे मला फार आवडलं.

आता त्या वाचण्याच्या गोष्टीकडे येते. गुथ्रम आवरला, गावं बांधून होत आली, आणि हा माणूस चाळिशीत लॅटिन शिकायला बसला! का, तर त्याच्या मते राज्यावर आलेल्या संकटाचं एक मूळ अडाणीपणात होतं. पोप ग्रेगरीच्या एका ग्रंथाचं त्यानं आपल्या लोकांच्या भाषेत भाषांतर केलं आणि सोबत बिशपांना पत्र लिहिलं. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलंय. मी गादीवर आलो तेव्हा थेम्सच्या दक्षिणेला लॅटिन नीट समजणारा एकही माणूस मला आठवत नाही, असं तो लिहितो. डेनांनी जाळपोळ करण्याआधीही चर्चमध्ये पुस्तकं भरलेली होती, पण वाचणारे नव्हते, हेही तो सांगतो. सगळा दोष परक्यांवर टाकून मोकळा झाला असता तर कोण विचारणार होतं? त्याच पत्रात योजना आहे: ज्या पुस्तकांची सर्वांना गरज आहे ती लोकांच्या भाषेत आणायची, आणि ज्यांना शक्य आहे अशा स्वतंत्र घरांतल्या मुलांना आधी आपल्या भाषेत वाचायला शिकवायचं, लॅटिन नंतर. मातृभाषेतून शिक्षण! नवव्या शतकात!

मदतीला त्यानं माणसं गोळा केली: वेल्सचा ॲसर, मर्सियाचे प्लेगमंड आणि वेरफर्थ, फ्रँकांच्या मुलखातून ग्रिंबाल्ड, सॅक्सनीचा जॉन. भाषांतराची प्रत प्रत्येक बिशपकडे गेली, आणि तिच्याबरोबर वाचताना ओळीवर फिरवायची एक मौल्यवान काडी, किंमत 50 मँकस, म्हणजे चांदीच्या 1,500 पेन्या. 1693 साली एथेलनीपासून थोड्याच मैलांवर, नॉर्थ पेथरटनला, सोन्याचा एक दागिना सापडला. जेमतेम सहा सेंटीमीटर. वर बदामासारख्या आकाराचा पारदर्शक स्फटिक, त्याखाली मिन्यातली मोठ्या डोळ्यांची आकृती, खालच्या टोकाला एका श्वापदाचं डोकं, आणि त्या श्वापदाच्या तोंडात काडी बसवायची नळी, आरपार खिळा असलेली. कडेनं सोन्याच्या जाळीदार अक्षरांत लिहिलंय की आल्फ्रेडनं मला घडवून घेतलं. दागिना स्वतः बोलतोय! हा अशाच एखाद्या वाचनकाडीचा माथा असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तो ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे आणि वूस्टरच्या बिशपला पाठवलेली ग्रंथाची प्रत त्याच गावातल्या बॉडलियन ग्रंथालयात. एका दुपारी दोन्ही! माझा बेत ठरलाय, पैसे साठायचे आहेत.

आणि आता कळस. ॲसरच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी. राजा न्यायनिवाडे तपासायचा. एखादा निकाल चुकीचा दिसला की त्या अधिकाऱ्याला बोलावून विचारायचा, हे तू का केलंस? पैसे खाल्लेस, कुणाची भीड धरलीस, की कळतच नव्हतं? कळत नव्हतं असं उत्तर आलं की हुकूम सुटायचा: एक तर वाचायला शीक, नाहीतर पद सोड. आयुष्यभर तलवार धरलेले पिकल्या मिशांचे सरदार आणि कारभारी अक्षरं गिरवायला बसले! ज्यांना वयामुळे अजिबात जमेना त्यांनी मुलाला, पुतण्याला, तेही नसेल तर घरच्या नोकराला शिकवायचं आणि त्याच्याकडून रात्रंदिवस पुस्तकं वाचून घ्यायची. म्हातारे उसासे टाकायचे, की आमच्या लहानपणी हे असतं तर! एखादा सरदार अंगणात बसलाय, पोरगा अडखळत वाचतोय आणि बाप पुढच्या ओळीची वाट बघतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

वेळ पुरत नाही ही त्याचीही तक्रार होती. म्हणून त्यानं सारख्या वजनाच्या, बारा इंच लांबीच्या सहा मेणबत्त्या करवल्या. एक चार तास जळणार, सहांचे चोवीस तास. पण वारा! चर्चच्या खिडक्यांतून, भिंतींच्या फटींतून, तंबूच्या कापडातून वारा यायचा आणि मेणबत्ती लवकर संपायची. तेव्हा लाकूड आणि बैलाची शिंगं घासून घासून पारदर्शक केलेले पातळ पत्रे यांचा कंदील बनवला. राजा, आजारी, दाराशी शत्रू, आणि डोक्यात काय, तर मेणबत्ती एकसारखी कशी जळेल!

थांबा, अजून आपलीच गोष्ट राहिली. बखरीत 883 सालाखाली नोंद आहे, की सिगेल्म आणि एथेलस्टन (हा गुथ्रम नव्हे, दुसराच) या दोघांनी राजानं बोललेला नवस फेडायला रोमला दानद्रव्य नेलं आणि भारतातही, संत थॉमस आणि संत बार्थोलोम्यू यांच्याकडे. भारतात! वाचून मी अक्षरशः ओरडले. बखरीच्या सगळ्या प्रतींत शब्द सारखा नाही, 'इंडिया'च्या जागी 'जुडिया'सुद्धा वाचता येतं, आणि ॲसर याबद्दल चकार शब्द काढत नाही. पण बाराव्या शतकातल्या विल्यम ऑफ माम्सबरीनं तर सिगेल्म तिकडून रत्नं घेऊन परतला असं लिहून टाकलंय. थॉमस म्हटलं की केरळ आणि मैलापूर. आणि बार्थोलोम्यू? काही अभ्यासक त्याची परंपरा थेट आपल्या कोकण किनाऱ्याशी, कल्याणशी जोडतात. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक लेखकानं 'कल्लियाना' बंदरात ख्रिस्ती बिशप असल्याचं लिहिलंय आणि ते बंदर म्हणजे आपलं कल्याण असं बरेच जण मानतात. ती माणसं इथवर पोचली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आपली मिरी तिथवर पोचली होती, हे पक्कं. त्या काळच्या अँग्लो-सॅक्सन वैद्यकाच्या पोथीत औषधोपचारांत मिरी येते, आणि त्याच पोथीत जेरुसलेमच्या धर्मगुरू इलायसनं राजा आल्फ्रेडला कळवलेले उपायही आहेत. पोटदुखीला मलबारची मिरी चाललीही असेल.

एवढं वेड लागल्यावर थोडा संशयही घ्यायला हवा, तो घेतला. बखर त्याच्याच काळातली, चरित्रकार त्याच्याच पदरचा. 2015 साली वॉटलिंग्टनजवळ नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या काही नाण्यांवर रोमन पद्धतीचे दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेत. ही नाणी आल्फ्रेडनंही पाडली आणि मर्सियाच्या राजा केओलवुल्फनंही, म्हणजे दोघांची चांगलीच मिळवणी होती. आणि आल्फ्रेडच्या दरबारातली बखर या केओलवुल्फला काय म्हणते? डेनांच्या हातातला मूर्ख हुजऱ्या! काम झाल्यावर जोडीदाराला बखरीत पुसून टाकलं असणार. साधुपुरुष नव्हता आमचा राजा, लेखणीची ताकद त्याला पुरेपूर कळत होती. मला तो यामुळे कमी आवडायला लागला का? मुळीच नाही.

26 ऑक्टोबर 899 रोजी तो गेला. 'द ग्रेट' ही पदवी कित्येक शतकांनी चिकटली. 1740 साली त्याच्यावर एक संगीत नाटक झालं, त्यातून 'रूल, ब्रिटानिया' हे गाणं आलं आणि साम्राज्यवाल्यांनी त्याला आपला मूळपुरुष करून टाकलं. 1901 साली विंचेस्टरला त्याचा भव्य पुतळा उभा राहिला, हजाराव्या स्मृतिवर्षानिमित्त, आणि साल दोन वर्षांनी चुकलेलं, कारण मृत्यू 901 चा समजत होते. हाडांचे तर हालच. हाइड ॲबी या मठातल्या थडग्यावर 1788 मध्ये तुरुंग बांधला गेला आणि कैद्यांनी खणताना सगळं विखरून टाकलं. 2014 मध्ये संग्रहालयातल्या एका खोक्यातलं कटीचं हाड त्या काळचं निघालं. ते त्याचं असेल किंवा त्याच्या मुलाचं, एडवर्डचं.

पण मला हाडांपेक्षा त्याच्या मृत्युपत्रात रस आहे, कारण ते टिकलंय. मुलांना पाचपाचशे पौंड. बायकोला शंभर पौंड आणि तीन गावं: लॅम्बर्न, वाँटेज आणि एडिंग्टन. म्हणजे जिथे जन्मला ते आणि जिथे जिंकला तेही! आणि तिन्ही मुलींना शंभर-शंभर. मुलग्यांच्या वाट्याचा पाचवा हिस्सा, आहे ना? त्यातली थोरली एथेलफ्लॅड. मर्सियात लग्न करून गेली, नवरा वारल्यावर राज्य स्वतः चालवायला लागली, भावाच्या खांद्याला खांदा लावून टॅमवर्थ, स्टॅफर्ड, वॉरिकला बापाच्या पद्धतीनं तटबंदी उभारली, 917 मध्ये डर्बी घेतलं, पुढच्या वर्षी लेस्टर तर न लढताच ताब्यात आलं. तिनं आपल्या घरी वाढवलेला भाचा एथेलस्टन 927 साली सगळ्या इंग्रजांचा पहिला राजा झाला. शंभर पौंडवाली मुलगी! तिच्यावरची पुस्तकं मागवलीत, परवा येतील, आणि नवऱ्याला आधीच सांगून ठेवलंय की रात्री दिवा चालू राहील.